ताराबाईंचा वाचायचा चष्मा

ताराबाई, तुमच्याबद्दल लिहितेय खरं, पण हे तुम्हाला वाचून कोण दाखवणार? शेजारच्या मुकेशला सांगू नका, तो घाईघाईत निम्मं गिळतो. तुमच्या नणंदेला, वंदनाला सांगा. काही चुकलं असेल तर ती तोंडावर बोलेल.

तर, शहापूरजवळच्या त्या वस्तीत विहार झाल्यापासून वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, धम्मग्रंथाचं वाचन ताराबाईंकडेच होतं. आषाढी पुनवेला ग्रंथ उघडायचा, आश्विन पुनवेला मिटायचा, मधे रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचायचं. भाताच्या लावणीहून आलेली माणसं भिंतीला टेकून पेंगायची, पण ताराबाईंनी आवाज चढवला की ताठ बसायची. अख्ख्या जन्मात त्यांचं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच.

मग डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला. समोरच्याचे कान दिसायचे, तोंड मात्र पुसलेलं. वाचन मुकेशकडे गेलं. ताराबाई कोपऱ्यात बसून ओठ हलवायच्या आणि तो चुकला की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायच्या.

यंदा डोळ्यांच्या शिबिरात त्यांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. पुस्तक नाकापासून चार बोटांवर धरलं की अक्षरं चिंचोक्याएवढी दिसायची. एका वेळी चार-पाचच, पण स्वच्छ! चष्मा देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पुस्तक हातात धरू नका, लाकडाचा तिरका स्टँड करून घ्या. ताराबाईंना कुठला दम! आषाढी पुनवेला त्या तशाच ग्रंथ घेऊन बसल्या.

"आजी, आमाला ऐकवतेस का पुस्तकाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"माईक आत सरकव नि गप बस," ताराबाई पुस्तकाआडून म्हणाल्या.

सगळे हसले. पण पान संपायच्या आत हात भरून आले नि पुस्तक खाली झुकलं. ओळ निसटली. तीच ओळ दुसऱ्यांदा आली, मग तिसऱ्यांदाही. आता कुणी हसेना. मुकेशनं ग्रंथ हळूच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वंदना पिशवी घेऊन दारात हजर. "चला वैनी शहापूरला. सुताराला स्टँडचं सांगून येऊ."

"आज पाऊस हाय गो."

मग लावणी आली, मग वंदनाचा गुडघा दुखावला. पुढे उघडीप पडली, गुडघाही बरा झाला, तरी ताराबाई हलेनात. तेव्हा वंदना भडकली. "वाचायचंय का नाय तुमाला?"

"वाचायचंय गो. पडल्या पडल्या रोज वाचते मी, मनात. एक ओळ सुटत नाय."

"मग?"

"नि स्टँडवर पण सुटली, तर?"

विहारात मुकेशचा आवाज सुरू झाला होता. ताराबाईंनी पदरानं भिंगं पुसली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ऐकायला निघाल्या.

आश्विन पुनवेला ग्रंथ मिटला. सुताराकडे त्या दोघी काही गेल्या नाहीत.