ऐकू न गेलेली हाक

शिरूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी समुपदेशनासाठी बसते. एका उन्हाळ्यात तिथं राहू गावच्या एक बाई नवऱ्यासोबत आल्या. उसाला पाणी देताना बिबट्यानं त्यांच्यावर झडप घातली होती. हातातलं खोरं मारून त्या सुटल्या. खांद्याची जखम भरली, पण झोप गेली ती गेलीच.

नवरा बाहेर बाकावर बसला. बाई आत आल्या आणि मी काही विचारायच्या आधीच सगळं सांगू लागल्या, पाठ केल्यासारखं, माझ्याकडे न बघता.

"ताई, हे किती जणांना सांगितलंत?"

"रोज कुणी ना कुणी येतंय. मोबाईल धरत्यात आन् म्हणत्यात, पुन्हा सांगा."

"मला नाही सांगितलं तरी चालेल."

पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर सळसळलं आणि त्यांचं अंग आखडलं. उसाचं वाळलेलं पाचट असंच वाजतं. मी पंखा बंद केला आणि दार त्यांना मोकळं दिसावं म्हणून माझी खुर्ची बाजूला ओढली. मग आम्ही नुसत्या घाम पुसत बसलो. एवढ्या लांबून आलेल्या बाईच्या पदरात आपण काहीच टाकलं नाही, असं मला वाटत राहिलं. उठताना त्या म्हणाल्या, "पुढल्या आठवड्यात येऊ का?"

त्या येत राहिल्या. कधी शेवंतीच्या रोपांचं बोलायच्या, कधी मुलीच्या कॉलेजचं. एका दुपारी बोलता बोलता थांबल्या.

"मॅडम, त्यानं धरलं त्याचं एवढं न्हाई. मी वरडत हुते आन् शेजारच्या रानात ट्रॅक्टरवर गाणी चालली हुती. कुणालाच ऐकू गेलं न्हाई. वाटलं, मी हाय काय आन् न्हाई काय."

"मला ऐकू येतंय, ताई."

त्या रडल्या. माझेही डोळे भरले, ते मी लपवले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं आणि तेच पुन्हा त्याला सांगितलं.

तो खाली मान घालून ऐकत होता. "मी मुद्दाम इचारलं न्हाई," तो म्हणाला. "म्हटलं, तुला तरास हुईल."

अजूनही त्या एकट्या उसात जात नाहीत. परवा फोनवर म्हणाल्या, "झोप लागती आता. कवा दचकून जाग आली, तर मालकांना हलवते. ते बी उठून बसत्यात."