रजा विभागातला लष्करप्रमुख

मी आयुष्यभर लष्कराच्या मुख्यालयात नोकरी केली, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मग माझ्याकडे नीट बघतो आणि पुन्हा रेलतो. मी तिथे रजा विभागात कारकून होतो. जिन्याखालच्या खोलीत मी आणि एक जुना पंखा असे दोघंच असायचो, आणि दोघांत आवाज पंख्याचाच जास्त होता.

माझे सासरे तोफखान्यातून निवृत्त झालेले. घरातले सगळे त्यांना पाठीमागे ‘तोफखाना’च म्हणत, कारण त्यांनी कानात सांगितलेली गोष्टही शेजारच्या इमारतीत कळत असे. लेकीनं कारकुनाशी लग्न केलं हे त्यांना अजून पचलं नव्हतं. मी भरतीला गेलो नव्हतो असं नाही. गेलो होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बघून विचारलं, “कुणाला सोडायला आलात?”

सासूबाई गेल्या आणि सासरे एकटे राहू लागले. एकदा न्हाणीघरात पडले, एकदा शेगडी तशीच पेटती ठेवून फिरायला गेले. बायकोच्या जिवाला घोर लागला. बाबांनी आपल्याकडे राहायला यावं, एवढंच तिचं मागणं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं : “जावयाच्या घरी राहायचं तर घरात जावई दिसला तरी पाहिजे. तुझ्या घरात नुसतं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं.”

तेव्हा जुने लष्करप्रमुख निवृत्त होऊन नवे यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या संचलनाची तालीम होते, पण तालमीला खरे प्रमुख येत नाहीत. त्यांच्या मापाचा एक माणूस चौथऱ्यावर उभा करतात. ध्वनिक्षेपक किती उंच ठेवायचा, तलवार कुठवर खाली आणायची, हे सगळं त्या माणसावरून ठरतं. नवे प्रमुख होते बुटके आणि अंगानं भरलेले. मुख्यालयातले जवान सगळे काठीसारखे. अख्ख्या सैन्यात माप मिळेना, तेव्हा कवायतीचे मेजर जिना उतरून आमच्या खोलीत आले.

“जरा उभे राहा,” ते म्हणाले.

“उभाच आहे, साहेब.”

“उत्तम,” ते म्हणाले. “हेच माप.”

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “बाबांसाठी पास आणा.”

“अगं, गळ्यात पाटी अडकवून उभं करणार आहेत मला. बाजारातल्या बाहुल्यासारखं.”

“काय लिहिलंय पाटीवर?”

“प्रमुख.”

“मग तर आणाच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कशाचे तरी प्रमुख होताय. बाबांनी बघितलं तर कदाचित मन वळेल.”

मेजर माणूस भला. मला भिंतीवरच्या तसबिरींपुढे उभं करून त्यांनी समजावलं, आपण कुणाच्या जागी उभे राहतोय ते कळावं म्हणून. पूर्वी राजा स्वतःच घोड्यावर बसून सैन्याच्या पुढे असायचा. पुढे राजे आरामात राहू लागले आणि त्यांनी सरसेनापती नेमले. त्यांतल्या काहींनी लढाया जिंकल्या, आणि एकदोघांनी परत येऊन राजालाच घरी बसवलं. मग परक्यांचं राज्य आलं, त्यांनी आपला सरसेनापती जहाजातून आणला. शेवटी स्वातंत्र्य आलं. एकाच माणसाच्या हाती भूमी, समुद्र, आकाश सगळं नको, म्हणून सरकारनं तिन्ही दलांचे तीन प्रमुख केले, आणि लष्कराच्या जागी पहिल्यांदा आपला माणूस बसला. पुढे सरसेनापती ही पदवीही गेली, नुसता लष्करप्रमुख राहिला.

“म्हणजे आता करतात काय ते?” मी विचारलं.

“सैन्य तयार ठेवतात आणि सरकारला खरं ते सांगतात. त्यांच्या शब्दाशिवाय पलटण हलत नाही, आणि सरकारच्या शब्दाशिवाय ते हलत नाहीत.”

मला जरा धीर आला. माझी घरची परिस्थिती अशीच होती, फक्त पहिला अर्धा भाग वगळून.

माझं काम सोपं होतं. संचलनाचा नायक पुढे येऊन परवानगी मागणार, मी म्हणायचं, “परवानगी आहे.” दोनच शब्द. मी ते आंघोळ करताना म्हटले, जिना चढताना म्हटले, पंख्यालाही ऐकवले.

तालमीच्या दिवशी ऊन कडक होतं. चौथऱ्यावर मी, गळ्यात पाटी. समोर पलटणीच्या पलटणी. डाव्या हाताला पाहुण्यांच्या खुर्च्यांत बायको, आणि तिच्या शेजारी पदकं लावून आलेला तोफखाना. नायक ताडताड पावलं टाकत आला. तलवार चमकली. “संचलन पुढे नेण्याची परवानगी असावी, साहेब!”

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. आवंढा गिळला, तो मात्र ध्वनिक्षेपकानं मैदानभर ऐकवला.

सगळे थांबले. कुणी हलेना. मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा रजा विभागातला कारकून आहे, निम्म्यांच्या रजा मीच अडवल्या होत्या. तरी हलेनात. कडेला मेजर हातवारे करत होते. पुढे मी त्यांना विचारलं, “साहेब, तुम्हीच का नाही हुकूम दिलात?” ते म्हणाले, “चौथऱ्यावर तुम्ही होतात ना.”

शेवटी डावीकडून तोफ धडाडली. “अहो जावईबापू! पोरं भाजून निघाली! बोला की!”

मी दचकलो आणि तोंडातून आयुष्यभराच्या सवयीचं जे यायचं तेच आलं : “रजा मंजूर!”

मागच्या रांगेतल्या टोप्या थरथरल्या. पण नायक खरा शिपाई. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, “आभारी आहे, साहेब!” आणि संचलन निघालं. पलटणी माझ्याकडे माना वळवून पुढे जाऊ लागल्या. मी हळूच डावीकडे पाहिलं, तर सासरे गुडघ्यांचं दुखणं विसरून ताठ उभे होते आणि सलाम करत होते.

मला भरून आलं. तालीम संपल्यावर पाटी गळ्यातच ठेवून मी धावत गेलो. “बाबा, तुम्ही मला सलाम केलात!”

“तुम्हाला? छट्! मी त्या जागेला केला. तिथे दगड ठेवला असता तरी केला असता. दगडानं निदान रजा मंजूर केली नसती.”

बायकोचा चेहरा पडला. ती गुपचूप पदराशी चाळा करू लागली. मला वाटलं, संपलं. होतं नव्हतं तेवढंही मी घालवलं.

सासरे मात्र मैदानाकडे बघत राहिले. “एवढी पलटण या माणसाच्या एका शब्दासाठी उन्हात उभी राहिली,” ते कधी नव्हे ते हळू बोलले. “आणि शब्द निघेना. काय म्हणावं याला? पुढची तालीम कधी आहे हो?”

“पुढच्या आठवड्यात.”

“माझी ट्रंक आणवा तुमच्या घरी. यांचा आवाज निघेपर्यंत मी तिथेच राहतो. लष्कराच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर माझी कवायत सुरू झाली. “पोटातून! घशातून नको! पोट एवढं दिलंय देवानं, ते कशाला?” शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या तालमीत मी दोन्ही शब्द बरोबर म्हटले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचले की नाही, सांगता येत नाही. सासरे म्हणाले, “अजून फार मेहनत आहे.” आणि त्यांनी ट्रंकेतले कपडे काढून आमच्या कपाटात लावले.

खरं संचलन आम्ही घरी दूरदर्शनवर पाहिलं. नवे प्रमुख माझ्याच मापाचे होते, आणि त्यांची परवानगी आम्हाला जेमतेम ऐकू आली. सासऱ्यांनी मान हलवली. “बिचाऱ्याला सासरा नसावा.”

त्या रात्री बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दटावलं, “हे बघा, खबरदार आवाज सुधारलात तर!”

सासरे अखेरपर्यंत आमच्याकडेच राहिले. आवाज माझा थोडा सुधारला होता, पण तेवढं मी त्यांना कधी कळू दिलं नाही.