पल्लवीच्या मशीनीतला बांध

दुकानात नुसतं बसून ऱ्हायलं तरी किस्से गोळा व्हतात. हायवेच्या धुळीसारखं हाय ते. सकाळी पुसावं, दुपारपतूर परत बोटभर. येरमाळ्याला माझ्या नातीचं, पल्लवीचं, बॅनर-डिझाइनचं दुकान हाय, आन् दारातली खुर्ची माझी, आजीची. पल्लवीचा बाप म्हंजे माझा पोरगा दत्ता. त्यानं पयल्या दिवशीच सांगून ठेवलं, "ह्या काम्पुटरच्या मशीनीनं एखादं मोठं काम बुडवलं की मशीन इकायची आन् पोरीनं घरी बसायचं. पाव्हणे बघायला येतील." म्हंजे मशीन अडली की पोरगी अडली.

*

मशीन जुनी. वाढदिवसाचे बॅनर करायची, पर मुंडकी वाढली की थांबायची. एकदा रावसाहेब म्हणून गिऱ्हाईक आलं. वर पुढाऱ्याचा मोठा फोटो, खाली शुभेच्छा देणाऱ्यांच्या रांगाच रांगा.

पल्लवी म्हणली, "काका, अजून एक फोटो टाकला तर काम्पुटर बंद पडंल."

"पडू दे. ते उद्या चालू व्हईल. मेव्हणा ऱ्हायला तर माझ्या घराचं दार उद्याबी उघडायचं न्हाय."

मेव्हणा बसवला. मशीन बंद पडली. रावसाहेब बसून ऱ्हायले, चहा प्याले, पेपर वाचला. मशीन चालू झाल्यावर म्हणले, "थांबलोच हाय, तर साडूबी टाक."

*

खंडेनवमीला दत्तानं अवजारांची पूजा केली. विळा, कोयता, ट्रॅक्टर, आन् ही मशीनबी. इकायची धमकी देणाऱ्यानंच हळद-कुंकू लावलं. पर अक्षता टाकल्या लांबून, त्या बरोबर जाळीतून आत. चालू केल्यावर आतला पंखा गिरणीवानी कडकडायला लागला.

पल्लवीनं झाकण खोललं आन् चिमट्यानं एकेक दाणा येचला. दत्ता बाजूला उभा. म्हणला, "सगळे काढू नको. दोन तरी ऱ्हाऊ दे, पूजा मोडंल."

*

मग आलं ते मोठं काम. आमच्या गावात देवळाच्या रस्त्याला कमान बांधायची ठरली. कमिटीला चित्र पायजे, तेबी चारी बाजूंनी फिरवून बघता येणारं. पल्लवीनं काम घेतलं. कमान पडद्यावर अर्धी यायची आन् मशीन थांबायची. ग्राफिक्सची मेमरी कमी पडती म्हणं. चित्र दाखवायला मशीन जी जागा वापरती, ती. काम्पुटर इकणारा दुकानदार म्हणला, चित्राच्या मेमरीचं नवं कार्ड बसवा. नवं काय घ्यायची सोय न्हवती.

पल्लवीनं सोलापूरच्या मैत्रिणीला फोन लावला. फोन ठेवून आमाला म्हणली, "नवं काय आणायचं न्हाय. मशीनीत मेमरी हाय आठ जीबी. त्यातली चिमूटभर चित्राला दिलीय, बाकी दुसऱ्या कामाला. मधला बांध जरा सरकवायचा, बास."

दत्ता उठून उभा ऱ्हायला. "बांध सरकवायचं ह्या घरात नाव काढू नको. तुझ्या आज्यानं हातभर सरकवला, चुलत्यासंगं कोर्टात अजून तारखा चालू हायेत."

"आप्पा, इथं दोन्हीकडची जमीन आपलीच हाय."

"सगळे असंच म्हणतात."

*

तरी तिनं सरकवला. मशीन चालू व्हताना, कंपनीचं नाव पडद्यावर हाय तवर एक बटण दाबत ऱ्हायचं, मंग आतली सेटिंग उघडती. तिथं चित्राच्या वाट्याचा आकडा वाढवायचा. पल्लवीनं पयल्या झटक्यात लई वाढवला. कमान पळायला लागली, पर बाकीची मशीन रांगायला लागली.

म्या म्हणलं, "सगळं तूप जावयाला वाढलं. घरच्यांनी कोरडी भाकर खायची व्हय?"

तिनं थोडं माघारी घेतलं. तरीबी मधीच अडकायचं. शोधलं तर मागं दत्तानं लावलेले कुस्तीचे व्हिडिओ उघडे, एकामागं एक. मेमरी सगळी तेच खात बसलेले.

"आप्पा, हे बंद का न्हाय केले?"

"अजून कुस्ती निकाली लागली न्हाय म्हणून."

*

कमिटी आली त्या दिवशी दत्ताचा भरवसाच न्हवता. त्यानं कळंबच्या एका जुन्या मालवाल्याला मशीन न्यायला बोलवूनच ठेवलं व्हतं. पल्लवीला हे ठावं व्हतं. तिनं माऊस धरला.

कमिटीत सगळ्यात वडीलधारे नाना. काठी टेकवून पडद्याम्होरं बसले.

"पुढून दाव."

दावली.

"मागून."

कमान फिरली. अडकली न्हाय.

"आता आत घेऊन चल."

कमान हळूहळू म्होरं यायला लागली, मोठी व्हत व्हत पार डोक्यावर आली. नाना उठले. दाराकडं गेले, चपला काढून ठेवल्या आन् परत जागेवर येऊन बसले. मंग बाकीचेबी एकेक करून उठले, चपला काढून आले. कमानीखालनं रस्ता देवळाकडं निघाला.

तेवढ्यात तो कळंबचा मालवाला रिकामं पोतं घेऊन दारात आला. "मशीन कुठली न्यायचीय?"

दत्तानं त्याच्या पायाकडं बघितलं.

"आदी चपला बाहीर काढा," म्हणला.