मागच्या पंगतीची मालिका

केबल काढून डिश बसवायचं ठरलं, तेव्हा दुकानदाराने आमच्यापुढे दोन सेटटॉप बॉक्स ठेवले. एक साधा, दुसरा रेकॉर्डिंगवाला. दुसऱ्याची करामत दाखवायला त्याने टीव्हीवर चालू असलेली मालिका मध्येच थांबवली. पडद्यावरची सून हातात ताट घेऊन, तोंड अर्धवट उघडं, तशीच उभी राहिली.

"बघ, तुझी सोय झाली," हे खुशीत म्हणाले. "साडेसातला तू पोळ्या करत असतेस. हा बॉक्स मालिका ठेवून देईल. सगळं आवरलं की मागाहून निवांत बघ."

मागाहून! लग्न झाल्यापासून मी मागाहूनच जेवत आले आहे. तव्यावरची फुगलेली पोळी दुसऱ्याच्या ताटात, माझ्या वाट्याला डब्याच्या तळाची, वाफेने ओली झालेली. आमटी गार, आणि वर "सावकाश जेव हं" असा प्रेमळ आग्रह. त्यालाही आम्ही सोयच म्हणत आलो. आता गोष्टसुद्धा माझ्यासाठी झाकून ठेवणार होते.

"साधा द्या," मी दुकानदाराला म्हणाले.

"अगं, मग तुझी मालिका?"

"साडेसातला बघणार. सगळे बघतात तेव्हा."

"आणि पोळ्या?"

दुकानदाराने पुन्हा बटण दाबलं. पडद्यावरची सून ताट घेऊन निमूटपणे स्वयंपाकघराकडे निघाली. ती गेली. मी जागची हलले नाही.

"करून झाकून ठेवीन," मी म्हणाले. "सावकाश जेवा हं."