डेपोतली उभी गाडी

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर खडूनं नंबर टाकणारे आमचे भाऊ बरीच वर्षं माझ्या मोटरसायकलवर मागं बसून कामाला आले. त्यांचा उजवा हात खांद्यापासून उचलत नाही. खड्डा आला की डावा माझ्या खांद्यावर घट्ट बसायचा.

यंदा त्यांनी उभ्यानं चालवायची, स्वतःच तोल सांभाळणारी बॅटरीची गाडी आणली. पुढं झुकलं की ती पळते, गुडघ्यानं वळते. खडूचा डावा हात मोकळाच.

लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यांना थप्प्या दाखवत ते पुढं, आम्ही सगळे घाम पुसत मागं.

"भाऊ, हळू घ्या ना!" मी ओरडलो.

ते थांबले, वळून हसले.

"तुले मागं बसवलं असतं गा. पण या गाडीले मागची सीटच नाई!"