हरवलेली पट्टी

सासूबाईंचा कर्करोग हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फेंटॅनिलच्या वेदनाशामक पट्ट्या लिहून दिल्या. पातळ, पारदर्शक पट्टी छातीवर चिकटवायची आणि दर तीन दिवसांनी बदलायची.

"हे मॉर्फिनपेक्षा कितीतरी जहाल आहे," त्या म्हणाल्या. "वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं. नशेसाठी लोक तीसुद्धा पळवतात आणि जीव गमावतात. जुनी पट्टी दुमडून मला परत आणून द्यायची."

ऐकताना माझ्या मनात धाकटा दीर होता. शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात त्याचा खांदा निखळला होता. दुखण्यावरच्या गोळ्या दुखणं थांबल्यावरही सुटल्या नाहीत. नोकरी गेली, कित्येक महिने व्यसनमुक्ती केंद्रात गेले. आता दीड वर्ष तो त्या गोळ्यांपासून दूर होता आणि घरी राहून आईचं सगळं करत होता.

पट्ट्यांचा डबा घरी आणला त्या दिवशी तोच म्हणाला, "वहिनी, कुलपात ठेव. किल्ली कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."

एका शनिवारी दुपारी पट्टी बदलायला गेले, तर सासूबाईंच्या छातीवर पट्टीच नव्हती. त्या शांत झोपल्या होत्या. नवरा कामावर होता. घरात आम्ही तिघंच.

"सकाळी अंग पुसलंस तेव्हा होती?" मी दिराला विचारलं.

"होती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझा संशय येतोय?"

नाही म्हणायला हवं होतं. "भीती वाटतेय," एवढंच मी म्हणू शकले.

तो चिडला नाही. खिसे उलटे करून दाखवले, शर्ट काढून उभा राहिला. मला मान वर करवेना. "चल, शोधू या," तो म्हणाला. चादर झटकली, टॉवेल पाहिले, कचऱ्याची बादली उपडी केली. काही नाही.

आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. "काय हरवलं?"

"तुमची पट्टी, आई."

"ती होय? खाज सुटली म्हणून काढली की मीच." त्यांनी डोक्यामागे बोट दाखवलं. पलंगाच्या लाकडी पाठीवर, बायका रात्री टिकली काढून लावतात तशी, पट्टी नीट लावून ठेवलेली होती!

दीर भिंतीला टेकून खाली बसला. हसत होता की रडत होता, कळेना. मी पट्टी कागदाने उचलून दुमडली, डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं आणि नवी लावली. मग त्याच्याजवळ जाऊन बसले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"नाही, वहिनी. मलाही धास्ती होती, मलाच सापडली तर काय होईल याची. आत्ता तुझ्या हातात पाहिली, आणि हवीशी नाही वाटली."

त्यानंतर चार महिने सासूबाई होत्या, फारशा वेदना न होता. दीर आता शहरातच, गिंडी भागात एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला जातो.