मूठभर मळकं तूस

हिंगोलीच्या बाजारात पोती कुरतडणाऱ्या उंदरांना लोक शिव्या घालतात, आणि भावसिंग चव्हाण पांढऱ्या उंदरांना लेकरं म्हणायचा. हसणारे हसोत बापडे. कळमनुरीकडच्या तांड्यातला हा माणूस शहरातल्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात, प्राणीघरात, अठरा वर्षं राबला. पिंजरे धुवायचे, खाली अंथरलेलं भाताचं तूस बदलायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आणि प्रयोग संपला की उंदीर शांतपणे मरावेत म्हणून गॅसच्या पेटीत ठेवायचे. हे शेवटचं काम त्यानं कधी दुसऱ्यावर ढकललं नाही. परक्या हाताला ते घाबरतात, म्हणायचा.

कुरुंद्याची मंजुषा तिथं पीएच.डी. करत होती. हळदीच्या पानांच्या अर्कानं आतड्याची सूज उतरते का, हे तिला पाहायचं होतं. तीन वर्षं त्यातच गेली होती. उंदरांची आतडी आधी मुद्दाम सुजवायची, मग निम्म्यांना अर्क आणि निम्म्यांना साधं पाणी द्यायचं, असा तिचा प्रयोग.

"काका, पाणीवाल्यांना दुसरं कायबी द्यायचं न्हाई. किती का आजारी पडंनात," तिनं बजावलं. भावसिंगनं मान डोलावली, आणि आपण शब्द पाळला असंच त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

पाणीवाले वाळत चालले. पाठी वाकल्या, केस पिंजारले, तूस ओलं व्हायला लागलं. भावसिंगला ते बघवेना. तांड्यातला माणूस तो, त्याच्या आजा-पणजांचा जन्म बैलांच्या मागे गेलेला. त्यांच्याकडे गुरानं चारा सोडला की धडधाकट गाईच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून आजारी जनावराच्या तोंडात सारायची रीत आहे. बरेचदा जनावर उठून उभं राहतं. उंदीर रवंथ करत नाहीत, पण एकमेकांच्या लेंड्या खातात, हे भावसिंगइतकं कुणी पाहिलं होतं? कोपऱ्यातल्या पिंजऱ्यांत जुने, टुणटुणीत उंदीर होते. त्यांच्याखालचं मूठभर मळकं तूस त्यानं उचललं आणि पाणीवाल्यांच्या पिंजऱ्यांत टाकलं. आठवडाभर रोज. औषध नाही, दाणा नाही, म्हणजे त्याच्या लेखी हे काही देणं नव्हतंच.

उंदीर सावरले. भावसिंग खूश झाला, आणि मंजुषाचं तोंड उतरलं. अर्कवाले आणि पाणीवाले सारखेच बरे! अर्कात दम नाही, विषय बदला, असं तिचे सर सरळ सांगून मोकळे झाले. पोरगी मात्र चिवट. तिनं लेंड्या पुण्याला तपासायला पाठवल्या. पाणीवाल्यांच्या आतड्यात एक विषाणू निघाला. जुन्या उंदरांतही तोच होता, अर्कवाल्यांत नव्हता. असला विषाणू उंदराला वरून काही करत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण आतून तो प्रयोगाचं उत्तरच फिरवू शकतो.

"एकाच बाजूला कसा शिरला हा?" पिंजऱ्यांपुढे उभी राहून ती स्वतःशीच म्हणाली.

भावसिंग शेजारीच होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं.

"ताई, जुन्यांचं तूस मीच टाकलं त्यांच्यात," भावसिंग म्हणाला.

"काहून, काका?"

"मरून राहिले होते ना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली. "ते विषाणूनं बरे झाले, चांगल्या लेंड्यांनी झाले, का आपसूक? माझा अर्क लागू पडतो का न्हाई? आता कायच सांगता यायचं न्हाई, काका. तीन वर्षं गेली."

विषाणू सापडला म्हटल्यावर अख्खं प्राणीघर रिकामं करणं आलं. दोनशे बारा उंदीर भावसिंगनं दोन दिवसांत पेटीत ठेवले. त्यानं बरे केलेले त्यांतच होते, आणि ते ओळखीच्या हातावर निवांत चढत होते. घरी गेल्यावर त्यानं ताट बाजूला सरकवलं. बायको जिवनबाईनं विचारलं, तर म्हणाला, तकलीफ काही नाही, भूक नाही.

सरांपुढे मंजुषानंच रदबदली केली, म्हणून नोकरी राहिली. पाच महिन्यांनी नवे उंदीर आले. पुन्हा आतडी सुजवली, पुन्हा अर्क, पुन्हा साधं पाणी. पाणीवाले पुन्हा वाकले. भावसिंग प्रत्येक पिंजऱ्याला नवे हातमोजे घालायचा, स्वच्छ तूस अंथरायचा आणि हात मागे घ्यायचा. काय केलं तर ते उठतील, हे त्याला ठाऊक होतं. एकेका सकाळी एकेक करत नऊ मेले. अर्कवाले सगळे जगले.

मंजुषा कागद घेऊन धावतच आली. "काका, बराबर आलं! तुमी या बारीला हात लावला न्हाई, म्हणून आलं."

"व्हय ताई, न्हाई लावला," भावसिंग म्हणाला. तो खरंच बोलत होता, आणि खरं बोलल्याची लाज त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटली.